सल्ल्याला मात्रा हवी

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की पुण्यात मानसिक आरोग्यावरच्या व्याख्यानांची रीघ लागते. कॉलेजांत, हिंजवडीच्या कंपन्यांत, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघांत. लोक मन लावून ऐकतात, प्रश्नही विचारतात. पण घरी जाताना त्यांच्या हाती जे पडतं ते असं: सकारात्मक राहा, मन मोकळं करा, ताण घेऊ नका, एखादा छंद जोपासा. यातलं काही खोटं नाही. मात्र किती वेळ, कधी, सुरुवात कुठून करायची, जमलं नाही तर काय आणि कोणत्या टप्प्यावर डॉक्टरांकडे जायचं, हे त्यात कुठेच नसतं. रक्तदाबाचं औषध लिहून देणारा डॉक्टर ‘काहीतरी गोळी घेत जा’ असं म्हणून कुणाला पाठवत नाही. मनाच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षं तेच करतो आहोत आणि त्याला जनजागृती म्हणतो आहोत.

माझं म्हणणं सरळ आहे. रोजच्या मानसिक आरोग्यासाठी खरोखर उपयोगी पडणारी तंत्रं मोजकी आहेत, ती संशोधनातून तावून सुलाखून निघालेली आहेत आणि ती शिकवता येतात. ती मात्रेसकट शिकवायला हवीत. हे काम वर्षातून एकदा येणाऱ्या वक्त्यावर सोडून भागणार नाही. महापालिकेनं प्रभागाप्रभागात त्यासाठी माणसं तयार करायला हवीत.

मोघम सल्ला नुसताच निरुपयोगी असता तर एक वेळ चाललं असतं. तो त्रास वाढवूही शकतो. ‘तो विचारच मनात आणू नकोस’ हे घराघरांत ऐकू येणारं वाक्य घ्या. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं सांगून पाहिलं. विचार दाबणं त्यांना जमलं नाहीच, उलट बंदी उठल्यावर तो आणखी जोरानं आला. विचार दाबायचा तर तो आला का, हे मनाला सतत तपासावं लागतं, आणि तपासण्यासाठी तोच विचार हाताशी ठेवावा लागतो. सकारात्मक वाक्यं घोकण्याचंही तसंच. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच डळमळीत आहे, त्यांना स्वतःबद्दल चांगली वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणायला लावली तर त्यांना आणखी वाईट वाटतं, कारण मन लगेच विरुद्ध पुरावे काढून समोर ठेवतं. स्पर्धा परीक्षेची पूर्वपरीक्षा तीनदा हुकलेल्या मुलाला ‘मी यशस्वी होणारच’ असं आरशासमोर म्हणायला सांगणारे त्याचं भलंच चिंततात, पण त्याच्या हाती ते स्वतःविरुद्धचं आरोपपत्र देत असतात.

मग सांगायचं काय? सगळ्यात आधी सांगण्याजोगं तंत्र कृतीचं आहे. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. फिरणं, फोन करणं, नीट जेवणं, केस विंचरणं. सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर दिवसातला थोडा आनंद आणि ‘मला हे जमलं’ ही भावना जाते. मग मन आणखी खचतं, आणि खचलं म्हणून उरलेलंही सुटतं. हे चक्र विचारांपेक्षा वागण्याच्या बाजूनं तोडणं सोपं जातं. नील जेकबसन यांनी १९९६ मध्ये नैराश्यावरच्या पूर्ण विचारोपचाराची तुलना त्यातल्या फक्त कृतीच्या भागाशी केली, तेव्हा कृतीचा भाग एकटाही तितकाच परिणामकारक ठरला. नंतरच्या अभ्यासांनीही या निष्कर्षाला बळ दिलं आहे.

करायचं ते असं. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. साध्या वहीत दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, आणि मनःस्थिती ० ते १० मध्ये किती. आठवड्याअखेर वही पाहिली की बहुतेकांना एक गोष्ट दिसते. दिवस सगळा सारखा वाईट नव्हता. काही तास ५ वर होते, काही २ वर, आणि २ चे तास बहुधा अंथरुणात किंवा मोबाइल सरकवण्यात गेलेले. दुसऱ्या आठवड्यात दोनच कामं निवडायची: एक पूर्वी आवडायचं ते, आणि एक रेंगाळल्यामुळे मनाला टोचणारं. दोन्हींना दिवस, वेळ, जागा आणि कालावधी द्यायचा. ‘फिरायला जाईन’ ही योजना झाली नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी साडेसहाला अभ्यासिकेतून निघून म्हात्रे पुलापर्यंत चालत जाऊन परत, पंचवीस मिनिटं, फोन खिशात’ ही योजना झाली. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या, मुलं परदेशी असलेल्या आजींसाठी ती ‘मंगळवारी सकाळी दहाला बहिणीला फोन, दहा मिनिटं, आणि गुरुवारी पाचला खालच्या बाकावर बसणं’ अशी असेल. काम झाल्यावर पुन्हा आकडा लिहायचा.

यात चूक कुठे होते तेही सांगितलं पाहिजे, कारण लोक तंत्र सोडतात ते चुकीमुळे, आळसामुळे नव्हे. पहिली चूक आकाराची. ‘उद्यापासून रोज पहाटे पर्वती’ असा संकल्प होतो, तिसऱ्या दिवशी मोडतो आणि अपयशाच्या यादीत एकाची भर पडते. खचलेल्या माणसाची पहिली पायरी इतकी लहान हवी की वाईट दिवशीही ती होईल; पंचवीस मिनिटं जड वाटली तर आठ मिनिटं. दुसरी चूक हुरूप येण्याची वाट पाहणं. या अवस्थेत हुरूप कामाआधी येत नाही, कामानंतर येतो, तोही सुरुवातीला अर्ध्या गुणाचा. ३ चे साडेतीन झाले तर ते यश आहे, हे आधी सांगितलं नाही तर माणूस ‘काही फरक नाही’ म्हणून वही मिटतो. तिसरी चूक यादी नुसत्या कर्तव्यांनी भरण्याची. लाइट बिल, कपाट आवरणं, चालू घडामोडींच्या नोट्स. त्यात रसाचं काही नसेल तर चक्र तुटत नाही. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींत हे फार दिसतं. बारा तास अभ्यासिका, खोलीत एकट्यानं खाल्लेला मेसचा डबा, ‘पद मिळेपर्यंत’ गावाकडच्या मित्रांशी बोलणं बंद. त्यांना ती तपश्चर्या वाटते. प्रत्यक्षात ज्या गोष्टी मनाला उभं धरतात त्याच एकेक करून काढून घेतल्या जात असतात.

काळजीचं तंत्र वेगळं आहे. काळजी थांबवता येत नाही, पण पुढे ढकलता येते. टॉम बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही पद्धत: दिवसातली ठरावीक वीस ते तीस मिनिटं, ठरावीक खुर्ची, फक्त काळजीसाठी. झोपायच्या वेळेला लागून नको आणि अंथरुणात तर मुळीच नको. संध्याकाळी सातच्या सुमाराची वेळ बहुतेकांना सोयीची पडते. दिवसभरात काळजी आली की तीन-चार शब्दांत लिहून ठेवायची, ‘सातला बघू’ म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे परतायचं. सातला वही उघडून प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: यावर येत्या दोन दिवसांत मी काही करू शकतो का? उत्तर हो असेल तर अडचण एका वाक्यात लिहायची, सुचतील ते पाच उपाय चांगलं-वाईट न ठरवता लिहायचे, एक निवडायचा, त्याची पहिली पायरी आणि वेळ टिपायची. उत्तर नाही असेल, म्हणजे उद्याचा बायोप्सीचा रिपोर्ट किंवा कंपनीतली कपात, तर भीती पूर्ण वाक्यात लिहायची, जे घडेल असं वाटतं ते शेवटपर्यंत, आणि गजर झाला की उठायचं. इथे लोक चुकतात ते दिवसा लिहिण्याऐवजी लक्षात ठेवण्यात. लक्षात ठेवायचं म्हटलं की काळजी दिवसभर घोळत राहते. आणि काहींना सातला लिहिलेल्या ओळी शिळ्या वाटतात, म्हणून ते बसायचं टाळतात. तरीही पाच मिनिटं बसावं. दुपारी डोंगराएवढी वाटलेली गोष्ट सातला तेवढी राहत नाही, हे स्वतःच्या अक्षरात वाचणं हाच यातला मोठा धडा आहे.

झोपेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण पुण्यात या एका बाबतीत सगळ्यात जास्त चुकीचं सांगितलं जातं. ‘झोप येत नाही तर लवकर आडवा हो’ हा सल्ला उलटा आहे. अंथरुणात जागं राहण्याचे तास वाढले की शरीर अंथरुणाची सांगड जागेपणाशी घालतं. रिचर्ड बुटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेले नियम आजही निद्रानाशावरच्या उपचाराचा गाभा आहेत. डोळे मिटू लागल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत यायचं, लागेल तितक्या वेळा. घड्याळ पाहायचं नाही. वीस मिनिटं हा अंदाजच असू द्यायचा. अंथरुणात मोबाइल, हिशोब, भांडण नको. उठण्याची वेळ सातही दिवस एकच, रात्र कितीही वाईट गेली तरी. दुपारची डुलकी घ्यायचीच तर तीनच्या आत आणि वीस मिनिटांची. एका खोलीच्या घरात दुसरी खोली कुठून आणायची? तिथे गादीवरून उठून भिंतीशी टेकून बसणंही चालतं. मुद्दा जागेपणा आणि गादी यांची सांगड तोडण्याचा आहे.

चहाचंही तसंच. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सातचा अमृततुल्य मध्यरात्री निम्मा अंगात असतो.

आणि हे सांगितल्याशिवाय झोपेचा हा सल्ला देऊच नये: पहिल्या आठवड्यात झोप आणखी कमी होते. उठण्याची वेळ बांधली की झोपेची भूक साठत जाते, तिचा उपयोग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होतो. हे ठाऊक नसलेला माणूस चौथ्या दिवशी ‘मला लागू पडत नाही’ म्हणतो आणि ओळखीच्या औषधवाल्याकडून अल्प्राझोलाम ही गुंगी आणणारी गोळी आणतो. ही गोळी रोज घेतली तर काही आठवड्यांतच तिची सवय लागू शकते, आणि सवय लागल्यावर ती अचानक बंद केली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट होते, क्वचित फिट्सही येतात. जे आधीपासून घेत आहेत त्यांनी ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळूच कमी करावी. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर आधी गोळी नको, आधी ही वर्तनोपचाराची पद्धत, अशी शिफारस केली. ज्यांना द्विध्रुवी आजार (बायपोलर, म्हणजे कधी टोकाचा उत्साह तर कधी टोकाची उदासी) आहे किंवा फिट्स येतात, त्यांनी मात्र झोपेच्या वेळा स्वतः बदलू नयेत. कमी झोप त्यांचा आजार उसळवू शकते.

श्वासाचं तंत्र सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. चार सेकंद नाकानं आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, शांत असताना. खोल श्वास घ्यायला सांगणं चुकीचं. घाबरलेला माणूस भराभर खोल श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि भीती वाढते. संथ हवा, खोल नको.

भीतीचा झटका बहुधा दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतो. गर्दीच्या पीएमपीच्या बसमध्ये झटका आल्यावर पुढच्याच थांब्यावर उतरणारा माणूस तो ओसरताना कधी पाहतच नाही. उतरल्यामुळे वाचलो अशी त्याची खात्री होते, पुढच्या वेळी भीती आधीच सुरू होते, आणि महिनाभरात बस सुटते. उपाय पायऱ्यांचा: आधी रिकाम्या वेळेत दोन थांबे, सोबत कुणी, मग एकट्यानं, मग गर्दीत. प्रत्येक पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं आणि तीच पायरी तीन-चार वेळा करायची. पहिल्यांदाच छातीत दुखलं असेल तर अर्थात आधी हृदयाची तपासणी.

‘मन मोकळं करा’ म्हणताना आपण ऐकणाऱ्याला काहीच शिकवत नाही. ऐकताना उपाय सुचवायची घाई करू नये, ‘माझ्या वेळी तर’ सुरू करू नये, ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगून बरोबर समजलं का विचारावं. समोरचा ‘सगळं संपलंय’, ‘माझं ओझं झालंय’ असं बोलू लागला तर स्पष्ट विचारावं: ‘जीव द्यावासा वाटतो का रे?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकदा कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं हाताला लागणार नाहीत अशी ठेवायची, त्याच्या घरच्यांना कळवायचं आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही मिळते. धोका समोर दिसत असेल तर सरळ ११२ किंवा जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग.

स्वतःची तंत्रं कुठे संपतात हेही मात्रेचाच भाग आहे. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकलं आणि काम, अभ्यास, जेवण, झोप बिघडली, तर वही पुरेशी नाही. आवाज ऐकू येणं, सगळे विरोधात आहेत असं पक्कं वाटणं, झोपेशिवाय दिवसचे दिवस अंगात वारं भरल्यासारखं फिरणं, यांत तर एक दिवसही थांबू नये. तपासणीत थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जरूर मागावं. बी-१२ची कमतरता पुण्यात किती पसरलेली आहे, हे इथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानं केव्हाच दाखवलं आहे. थकवा, विसरभोळेपणा, उदासी हे सगळं त्यातून येऊ शकतं. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं आरोग्यविमा कंपन्यांवर मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण देण्याचं बंधन घातलं आहे, ही माहिती फार थोड्या पॉलिसीधारकांना असते.

आता यावरचा सगळ्यात गंभीर आक्षेप. हिंजवडीहून रात्री दहाला घरी पोचणाऱ्याला श्वास मोजायला सांगणं, काही शे जागांसाठी लाखोंनी बसणाऱ्या मुलांना वही लिहायला सांगणं, ही व्यवस्थेची जबाबदारी माणसाच्या गळ्यात घालणं नाही का? आक्षेपात मोठं तथ्य आहे. कामाचे तास हा प्रश्न असेल तर उत्तर कामाचे तास कमी करण्यातच आहे, आणि मारणाऱ्या नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला झोपेचे नियम सांगणं हा अन्यायच आहे. तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी आणि वकील लागतो. म्हणूनच काळजीच्या वहीत ‘यावर काही करता येईल का’ हा प्रश्न पहिला आहे. पण व्यवस्था बदलेपर्यंत जे आज खचले आहेत त्यांना हात न देणं हेही मला मान्य नाही. खचलेला माणूस स्वतःच्या हक्कासाठीही उठू शकत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे तज्ज्ञांचं काम आहे, अर्धवट शिकलेले लोक नुकसान करतील. तज्ज्ञ पुरेसे नाहीत हे सर्वांना माहीत आहे; २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना असल्याचं आढळलं. आणि नुकसानीच्या भीतीचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन वर सांगितलेला कृतीचा उपचार सहा ते आठ बैठकांत द्यायला लावला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्याकडच्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणं ओसरली होती, नेहमीच्या सेवेत ३९ टक्क्यांची. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाक मांडले आणि त्यावर प्रशिक्षित आज्या बसवल्या. अडचण एका वाक्यात मांडा, उपाय लिहा, एक निवडा, एवढंच त्या शिकवतात, आणि २०१६ च्या चाचणीत सहा महिन्यांनी त्याचा स्पष्ट फायदा दिसला.

दोन्हीकडे यश तंत्राइतकंच देखरेखीचं होतं. पुण्यात हे करायचं तर तीच गोष्ट आधी हवी. माझ्या मते सुरुवात एकाच क्षेत्रीय कार्यालयापासून व्हावी, आणि तीही कसबा-विश्रामबागवाड्यापासून, कारण अभ्यासिका आणि एकटे ज्येष्ठ दोन्ही तिथे दाटीनं आहेत. वीस माणसं निवडावीत: आशाताई, निवृत्त शिक्षक, ज्येष्ठ नागरिक संघातल्या चार बोलक्या आणि त्याहून चांगलं ऐकणाऱ्या बायका, अभ्यासिका चालवणारे दोघे-तिघे. त्यांना कृतीची वही, काळजीची वेळ, झोपेचे नियम, ऐकण्याची रीत आणि आत्महत्येबद्दल विचारण्याची पद्धत, एवढंच शिकवावं, पण एकमेकांवर सराव करून. दर आठवड्याला पर्यवेक्षक म्हणून नेमलेल्या एका चिकित्सा मानसशास्त्रज्ञापुढे प्रत्येक प्रकरणाची चर्चा व्हावी. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे आधी पाहावं. विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि सदाशिव पेठेतली ज्ञानप्रबोधिनी शहरातच असताना शिकवायला माणसं मिळणार नाहीत असं नाही. पहिल्या आणि शेवटच्या बैठकीत नऊ प्रश्नांची, मराठीत उपलब्ध असलेली नैराश्यमापनाची पट्टी भरून घ्यावी. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला, ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं तर त्याच दिवशी पर्यवेक्षकाला फोन, यात तारतम्य ठेवू नये. चार बैठकांनंतर आकडा हलला नाही तर माणूस तज्ज्ञाकडे पाठवावा आणि तो पोचला का हे आठवड्यानं विचारावं.

जागा दवाखान्यातलीच हवी असं नाही. महापालिकेच्या उद्यानात, वाचनालयात, जिथे दोन खुर्च्या ठेवल्या तर तिसऱ्याला ऐकू जाणार नाही अशी कोणतीही जागा चालेल. वर मनोविकाराची पाटी मात्र लावू नये. अंदाजपत्रकात वर्षाकाठी लागणार ते एका पर्यवेक्षकाचा पूर्ण पगार, वीस जणांचं मानधन, वह्या आणि छपाई. पर्यवेक्षकाच्या पगारावर काट मारायची असेल तर योजना सुरूच करू नये.